बेटावर कोण ओरडतंय?

मी तेव्हा अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून दिवसभर ट्रंक कॉल जोडायचे. सहा-सात वर्षांत कान असा तयार झाला होता की पलीकडचा माणूस नुसतं "हॅलो" म्हणाला तरी तो रत्नागिरीकडचा की नागपूरचा ते कळायचं. बाकी माझ्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. कांदिवलीला आई, दादा आणि वहिनीबरोबर राहायचे, आणि पक्षी म्हणजे कावळा, चिमणी, कबुतर आणि पोपट. तिथे यादी संपली.

माझ्या शेजारच्या बोर्डवर बसणारी मैत्रीण रविवारी रविवारी दुर्बीण घेऊन कुठे कुठे जायची. मुलुंडचे एक सर होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर सात-आठ जण पक्षी बघायला जात. एका मार्चमध्ये ती म्हणाली, "आम्ही बेटावर राहायला जातोय. तू पण चल ना."

"कुठल्या बेटावर?"

"गोराईच्या मागे, खाडीत. दोन बेटं आहेत. माणूस नाही, दिवा नाही, काही नाही."

घरी दादाने हाच प्रश्न पुन्हा विचारला. "आणि झोपणार कुठे?"

"तंबूत."

"वाट लागली," दादा म्हणाला. पण सर साठीचे आहेत आणि बरोबर तीन बायका आहेत म्हटल्यावर त्याने आपली बॅटरी काढून दिली.

होडी एका कोळणीची होती. आम्ही सगळेच तिला मावशी म्हणायचो. नवरा वल्हवायचा, पण हुकूम तिचा. भरती असेल तेव्हाच होडी बेटाला लागायची, नाहीतर गुडघाभर चिखल. चारच्या सुमाराला आम्ही उतरलो. बेटाच्या कडेने सगळी तिवरांची दाट झाडी, आणि मध्ये एक बुटकी टेकडी. वाळलेलं गवत, काळे दगड, दोन-चार बोरी. तंबू ठोकले, स्टोव्ह पेटवला. मुंबई तशी तासाभराच्या अंतरावर होती, पण तिचा एकही आवाज येत नव्हता. इतकी शांतता माझ्या कानांना सवयीची नव्हती. सारखं वाटायचं, लाइन कट झाली.

सूर्य बुडाला. सर बगळ्यांचे थवे मोजून वही मिटत होते, आणि तेवढ्यात टेकडीकडून तो आवाज आला.

टेबल टेनिसचा चेंडू उंचावरून टेबलावर सोडला की कसा आवाज होतो? आधी सुटा सुटा, टक्, टक्, टक्, मग घाईघाईने, टकटकटकर्र, आणि थांबतो. अगदी तसा. पुन्हा शांत. पुन्हा तसाच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुठे काय?" मैत्रीण स्टोव्हला पंप मारत होती. तिने कान दिला. "अगं हो गं! सर, हा कोण?"

सरांनी टेकडीकडे पाहिलं. "बेडूक असेल," ते म्हणाले.

"मार्चमध्ये बेडूक?"

"मग किडा एखादा. मी डोळ्यांचा माणूस आहे. दिसलं तर सांगेन काय आहे ते."

सर असं उडवून लावतील असं वाटलं नव्हतं मला. मी बॅटरी घेऊन टेकडीकडे निघाले. वीस पावलं गेले की आवाज बंद. मी उभी राहिले की तो माझ्या पाठीमागून सुरू. पुन्हा वळले, पुन्हा बंद. असं तीन-चारदा झालं. बोरीच्या काट्यात ओढणी फाडून घेतली आणि परत आले. रात्री तंबूत मैत्रीण म्हणाली, "बेडूकच असेल गं, झोप."

पण मला ते पटेना. बेडूक एका जागी बसून ओरडतो. हा माझ्याभोवती फिरत होता. शिवाय त्याला सुरुवात आणि शेवट होता. कोणीतरी कोणाला तरी काही सांगत असल्यासारखा.

पुढचे पंधरा दिवस मी भेटेल त्याला तो आवाज तोंडाने काढून दाखवत होते. वहिनी म्हणाली, शिवणयंत्र. दादाच्या मरोळच्या कारखान्यातला एक जण म्हणाला, बेअरिंग गेलंय. सरांना फोन केला, त्यांनी पुस्तक काढून वाचून दाखवलं. पुस्तकात पक्ष्यांचे आवाज अक्षरांत लिहिलेले होते, चक चक, टुक टुक, क्वीक क्वीक. अक्षरांवरून काय कळणार? सरांनी तीन नावं सांगितली, पण सांगताना आवाजात उत्साह नव्हता.

पंधरा दिवसांनी भरतीची वेळ पुन्हा तीच आली, आणि आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी दादाचा रेडिओ-टेपचा टू-इन-वन नेला होता. मित्राने मस्कतहून आणलेला, दादाचा जीव की प्राण. "वाळू गेली तर बघ," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी मी टेप चालू केला. आवाज आला, झकास आला. मी श्वास रोखून बसले. नंतर ऐकलं तर काय, वाऱ्याची खरखर, स्टोव्हची फरफर, आणि मैत्रिणीचा आवाज, "साखर कोणी आणली नाही का रे?" तो आवाज कुठेच नाही. हसू आलं आणि रडूही.

पण एक नवी गोष्ट त्या संध्याकाळी कळली. आमच्या टेकडीवरचा थांबला की पाण्यापलीकडून, दुसऱ्या बेटावरून, तसाच आवाज यायचा. बारीक, पण तोच. हा बोलायचा, तो थांबायचा. तो बोलायचा, हा थांबायचा. एकदाही दोघे एकमेकांच्या मध्ये बोलले नाहीत. मी दिवसभर जी माणसं जोडून देत होते, त्यांच्यापैकी निम्म्यांना हे जमत नसे.

सकाळी होडीत मी मावशीला विचारलं. आवाज तोंडाने काढून दाखवला. ती खो खो हसली.

"तू कशी गेलीस त्याला बघायला?"

"आवाजाच्या मागे मागे."

"मागं नको धावू गो. आवाज सुरू होण्याआधी जा नि गप बस. तो दिसभर तिथंच बसलेला असतंय. पायाखाली येईल तवा उडतंय."

म्हणजे तो पक्षीच होता. मी सरांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते.

तिसऱ्या खेपेला मी पाच वाजताच टेकडीवर जाऊन एका दगडावर बसले. एकटी. टेप नाही, बॅटरी नाही. आधी कंटाळा आला, मग मुंग्या आल्या पायाला. समोर गवतात पाच-सहा दगड होते आणि एक झाडाच्या सालीचा तुकडा. वाळक्या सालीवर असतात तशा त्यावर काळपट-करड्या रेघा होत्या. इथे एवढं मोठं झाड नाही, मग साल आली कुठून, असा विचार मनात येऊन गेला. भरतीबरोबर वाहत आली असेल, म्हणून मी तो सोडूनही दिला. टेकडीवर भरती येत नाही हे मला सुचलं नाही.

सूर्य गेला. तिवरांवर काळोख उतरायला लागला. आणि ती साल बोलली.

टक्, टक्, टक्, टकटकटकर्र.

माझ्यापासून फार तर चार हात. मी दीड-दोन तास त्याच्याकडेच बघत होते! आता त्याचा गळा फुगलेला दिसला, गळ्यावर पांढरा डाग दिसला, आणि मोठा काळा डोळा, जो त्याने इतका वेळ मिटून ठेवला होता. पलीकडच्या बेटावरून उत्तर आलं. त्याने मान किंचित वळवली. मी हललेही नाही. हृदय मात्र इतकं जोरात धडधडत होतं की त्याला ऐकू जाईल अशी भीती वाटली.

"अगं ए, कुठे मेलीस? चहा झाला!"

मैत्रीण. तो जमिनीला चिकटला, क्षणभर पुन्हा साल झाला, आणि उडाला. पंखांवर दोन पांढरे ठिपके. फडफड शून्य. एवढं बोलणारा प्राणी उडताना इतका मुका असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी धावत खाली आले आणि एका दमात सरांना सगळं सांगितलं. त्यांनी रंग, डाग, ठिपके, बसण्याची पद्धत असं एकेक विचारलं. मग म्हणाले, "रातवा. शंभर टक्के रातवा." आणि वही उघडून माझ्या हातात दिली. "तुम्ही लिहा. तुम्ही पाहिलात."

"पण सर, तुम्ही बेडूक का म्हणालात? रातवा काय तुम्हाला माहीत नव्हता?"

बाकीचे चहा घेत होते. सरांनी तिकडे एकदा पाहिलं. "मला तो ऐकूच आला नाही," ते हळू म्हणाले. "पहिल्या दिवशीही नाही, आजही नाही. दोन-तीन वर्षं झाली. बारीक आवाज जातात. तुम्ही सगळे टेकडीकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं."

घरी कोणाला सांगितलंय का, मी विचारलं. नाही म्हणाले. "बायकोला वाटतं, मी लक्ष देत नाही." मग मी त्यांचा हात घेतला, तळवा वर केला आणि दोन बोटांनी तो आवाज त्यावर वाजवला. आधी सुटा सुटा, मग घाईने. सरांनी डोळे मिटले. "पुन्हा," म्हणाले. मी पुन्हा वाजवला. "शेवटी पडतो की चढतो?" पडतो, मी म्हटलं. ते हसले. "तरुणपणी ऐकलाय हो मी. विसरलो होतो शेवट कसा होतो ते."

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही जोडीने फिरलो. पवईला, मनोरीला, त्या बेटांवरही. मी कानाने दिशा सांगायची, त्यांनी दुर्बीण लावायची. "डावीकडे, बोरीच्या बुडाशी," मी म्हणायचे, आणि बहुतेक वेळा तिथे काहीतरी असायचंच. कानाला यंत्र लावून घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागले, आणि एकदा मीच त्यांना घाटकोपरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. यंत्र लावून बाहेर आले आणि रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज ऐकून म्हणाले, "हे परत घ्या म्हणावं." पण वापरायला लागले. बायकोलाही सांगितलं. ती म्हणे दोन दिवस बोलली नाही, आणि मग सलग बोलत राहिली.

आमच्या शेवटच्या खेपेला, सूर्य बुडाल्यावर, पलीकडच्या बेटावरून आणखी एक आवाज आला. लांब, जाडसर, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. रातव्याचा नक्कीच नव्हता. सरांनी यंत्राचं बटण फिरवलं आणि मान हलवली, त्यांनाही आला होता.

"हा कोण?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. सकाळी होडीत मावशीला विचारलं, तर तीही म्हणाली, "ह्यो कधी ऐकला नाय गो." तो कोण होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.