तासांचं भाडं

छापखान्यात ती मुद्रितं तपासायची; सगळे तिला वेलांटीबाई म्हणत. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं तिच्या नजरेतून सुटलं, असं बत्तीस वर्षांत क्वचितच घडलं. नवरा सुतार. आयुष्यभर भुसा नाकातोंडात गेला आणि साठी ओलांडल्यावर छातीने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, प्राणवायूचं यंत्र घरी आणा, दिवसातले सोळा तास नळी नाकाला हवी.

छापखान्याकडून दोघांचा आरोग्य विमा होता. वेलांटीबाईने त्याची पुस्तिका लाल पेन्सिल घेऊन अक्षर न् अक्षर वाचली. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, कंपनीची मंजुरी आधी हवी, यंत्र त्यांच्या यादीतल्याच दुकानातून भाड्याने घ्यायचं. वर्षातला पहिला ठरावीक खर्च आपला. त्यानंतर भाड्याचे पाचातले चार भाग कंपनीचे, एक आपला. चार दिवस फोन कानाला लावून तिने सगळं मार्गी लावलं. नवऱ्याला मात्र यातलं काही सांगितलं नाही. आधीच धाप लागते, त्यात डोक्याला ताप कशाला? त्याने विचारलंच, तर म्हणायची, "तुम्ही त्यात पडू नका. मी बघते."

यंत्र आलं आणि पलंगाशेजारी घुरघुरू लागलं. तो त्याला जावई म्हणायचा. घरात येऊन बसलाय आणि काही बोलायची सोय नाही.

तिसऱ्या महिन्यात दुकानाचा माणूस तपासणीला आला. यंत्र किती तास चाललं, याचा आकडा यंत्रातच असतो. तो त्याने उतरवून घेतला आणि घुटमळला. दिवसाला सोळाऐवजी सरासरी बाराच तास भरत होते. असंच राहिलं तर कंपनी म्हणेल, गरजच नाही, आणि पैसे थांबवेल. वेलांटीबाई उखडली. आकडा चुकला असेल, पुन्हा बघा, म्हणाली. त्याने पुन्हा बघितलं. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो चादरीची शिवण नखाने उसवत बसला होता.

माणूस गेल्यावर तिने विचारलं. तो श्वास घेत तुकड्यातुकड्याने बोलला.

"तू कामाला गेलीस की बंद करायचो. जिन्यात तुझी पावलं वाजली की चालू."

"का पण?"

"भाड्याचं आहे ना. तू फोनवर म्हणत होतीस, तासांची नोंद होते. म्हटलं, मीटर पडत असेल. दिवसा तरी वाचवावं."

"अहो, महिन्याचं भाडं आहे. चालू ठेवा नाहीतर बंद, तेवढंच."

"मग मला सांगायचंस की गं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी तिने त्याला सगळी पुस्तिका वाचून दाखवली. त्याने प्रश्न नेमके विचारले, गिऱ्हाइकाला दाराचं माप विचारावं तसे. नळ्या भाड्यात धरल्यात का? वीजबिल कोणाचं? वर्ष बदललं की पहिला खर्च पुन्हा आपलाच का? हा शेवटचा प्रश्न तिला स्वतःलाही सुचला नव्हता.

यंत्र मग दिवसभर चालू राहिलं. पण त्याच्या पायांवर सूज चढली होती, हृदय थकलं होतं. तिने डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, त्या बंद तासांनी किती नुकसान केलं? ते म्हणाले, आजार मुळातच पुढे गेलेला होता, नक्की सांगता येणार नाही. त्या 'नक्की नाही'त ती अजून अडकून आहे.

सात आठवड्यांनी, भर दुपारी, तो गेला. यंत्र बंद करायला तिचा हात संध्याकाळपर्यंत धजावला नाही.

परवा शेजारीण स्वतःच्या विम्याची पुस्तिका घेऊन आली. सासूबाईंसाठी वरखाली होणारी खाट घ्यायची होती, विम्यात किती बसेल, हे तिला कळत नव्हतं. वेलांटीबाई तिच्या घरी गेली, म्हातारीजवळ खुर्ची ओढून बसली.

"यांच्यासमोरच बोलू या," ती म्हणाली. "खाट यांचीच आहे."

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'भाडे' या शब्दावर तिचं बोट थांबलं, पुढे सरकेना. शेजारणीने हळूच पुस्तिका स्वतःच्या हातात घेतली आणि पुढचं वाचलं.