टर्बोच्या तोंडातल्या अक्षता

बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला, जुन्या शहरातल्या तिच्या माहेरी सोडायचं ठरलं आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या डिझेल गाडीचा पाइप चिरला. एअर फिल्टरमधून गाळलेली हवा टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात, नेणारा रबरी पाइप. गाडी शिट्टी मारत, काळा धूर सोडत चालू लागली. कंपनीचा पाइप लवकर मिळेना. बाहेरचा घ्यायचा, तर कोणता? पातळ रबर हवेची ओढ लागली की चपटं होतं म्हणतात, जाड सिलिकॉन वळणावर नीट बसत नाही म्हणतात. मोबाइलवर लोकांचे अनुभव वाचून डोकं उठलं. शेवटी निळा सिलिकॉनचा मागवला आणि अमरावतीत घरासमोर स्वतःच बसवायला घेतला. दुसऱ्याने आवळलेल्या क्लॅम्पवर माझा भरवसाच बसत नाही.

टर्बोच्या उघड्या तोंडात मी फडकं कोंबलं होतं. ते काढलं, क्लॅम्प घ्यायला वळलो, तेवढ्यात आई ताट घेऊन आली. तिने पाइपला कुंकू लावलं आणि इंजिनावर मूठभर अक्षता टाकल्या.

"आई, काहून टाकल्या? आत दाना गेला तर इंजिन जाते."

"सून बसून जाऊन राहिली न ह्या गाडीत," आई म्हणाली. "नवी वस्तू तशीच लावत असतेत का?"

तोंडाशी अडकलेला एक दाणा मी ओल्या बोटाने उचलला. टॉर्च मारून पाहिलं, पण पात्यांच्या मागचं काय दिसणार? दिवस भरत आले होते, थांबणं शक्य नव्हतं. मी पाइप बसवून क्लॅम्प आवळला.

अकोल्याच्या वाटेवर बडनेरा ओलांडलं तशी माझी धास्ती वाढली. एसी बंद, काचा खाली, कान इंजिनाकडे. एखाद्या ट्रकला मागे टाकायची हिंमत होईना, कारण जोर दिला की टर्बो गरागरा फिरणार आणि आत दाणा असला तर पात्यांचं वाटोळं. भर रस्त्यात गाडी बंद पडली तर हिला घेऊन मी काय करणार होतो?

"खरखर ऐकू येते का तुले?" मी सारखं विचारत होतो. ती पोटावर हात ठेवून "नाही" एवढंच म्हणे. मला वाटलं, उन्हाने थकली असेल.

तिच्या माहेरच्या दाराशी गाडी उभी केली. बॉनेट उघडून पाहिलं. पाइप जागेवर होता, आवाजही स्वच्छ. माझ्या जिवात जीव आला.

"बसला बरोबर," मी खिडकीशी येऊन म्हणालो. "आता काई टेन्शन नाही."

ती उतरली नाही. "बडनेऱ्यापासून बाळ हाललं नव्हतं," ती म्हणाली. "मूर्तिजापूर गेल्यावर हाललं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी गाडीचं ऐकून राहिले होते."

सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढे आल्या होत्या. त्यांना जरा थांबायला सांगितलं, इंजिन बंद केलं आणि बाळ पुन्हा हलेपर्यंत तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिलो.