भट्टीवाल्यांचे कोच

कोचनी आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नाही. तो लांबट चेंडू त्यांनी कधी हातात धरला असेल असंही मला वाटत नाही. धरला असता तर आधी उजेडासमोर नेऊन कुठे तडा गेलाय का ते पाहिलं असतं, कारण जन्मभर त्यांनी हाडांचे एक्स-रे वाचले होते. तरीही ओहायो राज्यातल्या एका वीटभट्ट्यांच्या गावात शंभर वर्षांपूर्वी उभा राहिलेला आणि चार-दोन हंगामांत आटोपलेला एक व्यावसायिक संघ, त्याची खडान्‌खडा माहिती जगात कोणाला असेल, तर ती लीड्समधल्या आमच्या या निवृत्त रेडिऑलॉजिस्टला होती. आम्ही त्यांना कोच म्हणायचो. इथल्या मराठी मंडळातल्या नव्या लोकांना त्यांचं खरं नाव माहीतही नसे.

हे नाव एका गणपतीत पडलं. आरतीआधी त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली होती. ‘थोडं इतिहासावर बोलतो’ एवढंच म्हणाले, तेव्हा सेक्रेटरींना वाटलं शिवकाल असणार. कोच उभे राहिले आणि ओहायोतल्या चिखलात उतरले ते पाऊण तास वर आलेच नाहीत. मोदक गार झाले, भटजींना दुसऱ्या घरी जायचं होतं ते घड्याळ दाखवू लागले, आणि इथे जन्मलेली आमची मुलं मात्र पहिल्यांदाच एखादं मराठी भाषण आ वासून ऐकत बसली. पुढच्या वर्षीपासून कमिटीने त्यांना जेवणाच्या अगदी आधी ठेवायला सुरुवात केली. पोटात कावळे ओरडायला लागले की लोकच त्यांना आवरतं घ्यायला लावतील, असा बेत होता. तो साफ फसला.

त्या संघाचं इंग्रजी नाव ते सहसा घेत नसत. ‘आमचे भट्टीवाले’ म्हणत. वीटकारखान्याच्या मालकाला हौस आली, त्याने आपल्याच कामगारांतले दांडगे गडी निवडले आणि नव्याने निघालेल्या लीगमध्ये संघ घातला. पण गावाचं मैदान नदीकाठी. हंगाम सुरू झाला की नदी फुगायची आणि मैदान पाण्याखाली. लीगने ते मैदान नामंजूर केलं आणि भट्टीवाल्यांचा प्रत्येक सामना दुसऱ्याच्या गावी होऊ लागला. शनिवारी रेल्वेत बसायचं, रविवारी मार खायचा, सोमवारी पुन्हा भट्टीवर हजर. जिंकले जवळपास कधीच नाहीत. एक सामना मात्र शून्य-शून्य बरोबरीत सुटला होता. त्यात गोलरेषेवर चार वेळा थोपवून धरलेला हल्ला कोच असा सांगत की ऐकणाऱ्याला पावनखिंड आठवावी.

“हरणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही, मृणाल,” ते मला म्हणायचे. “म्हणून मला स्कोप आहे.”

मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. माझं त्यांच्याकडे जाणंयेणं त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, औषधांमुळे सुरू झालं आणि भट्टीवाल्यांमुळे वाढलं. संघाचा एकच धड फोटो शिल्लक होता, आणि त्यातल्या निम्म्या माणसांची नावं त्या गावातही कोणाला ठाऊक नव्हती. कोच तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून तासन्‌तास बघत. एकदा मला बोलावून म्हणाले, याचा डावा खांदा बघ, कॉलरबोन मोडून वाकडं जुळलंय. मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्रातली दुखापतीची बातमी काढली आणि त्या वाकड्या खांद्याला नाव दिलं. असं करत गुडघे, नाक, मनगटं बघून त्यांनी जवळजवळ सगळा संघ ओळखून काढला आणि त्या गावच्या इतिहासप्रेमी मंडळींना कळवला. ती माणसं चकित झाली. त्यांच्या आजोबा-पणजोबांची ओळख लीड्सहून एक मराठी म्हातारा पटवून देत होता.

हे खूळ कुठून लागलं, ते विचारलं तर आधी थट्टेवारी नेत. खरी गोष्ट अशी की कोच इंग्लंडला राहायला आलेच नव्हते. दोन वर्षं ट्रेनिंग घेऊन पुढे अमेरिकेला जायचं ठरलं होतं, आणि त्या वीटभट्टीच्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरीचं पक्कंही झालं होतं. पण इकडे काकूंना चांगली पोस्ट मिळाली. त्या भूलतज्ज्ञ, आणि नवऱ्यापेक्षा काकणभर हुशारच. मग मुलगा झाला, शाळा झाली, घर झालं. गाव राहून गेलं ते गेलंच. आपण जिथे राहणार होतो तिथे काय चाललंय ते बघावं म्हणून ते त्या गावची जुनी वर्तमानपत्रं मिळवून वाचू लागले, आणि खेळाच्या पानावर त्यांना भट्टीवाले भेटले.

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय कोच कळायचे नाहीत. त्यांच्या वाईच्या माहेरी बायका पुरुषांच्या मागून जेवत, आणि काकूंना त्याचा मनस्वी तिटकारा. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभ्याउभ्या सँडविच खाणारी ही बाई. “मी ह्यांच्यासाठी थांबले असते तर केव्हाच उपाशी मेले असते,” असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि कोच मान डोलवायचे. पुढे त्यांना विसरण्याचा आजार झाला. आधी शब्द गेले, मग माणसं, मग इंग्रजी. एकेक थर निघून जात शेवटी जे उरलं ते वाईचं स्वयंपाकघर. काकू नवऱ्याआधी जेवेनाशा झाल्या.

हे सुरुवातीला कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ब्रिस्टलच्या मुलाच्या आग्रहाने कोचनी त्यांना आठवडाभर एका केअर होममध्ये ठेवलं होतं. काकूंनी अन्नाला तोंड लावलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सलाइन लावावं लागलं. तिथल्या मुली बिचाऱ्या चमचा घेऊन विनवण्या करत होत्या. कोच भेटायला गेले, त्यांच्यासमोर बसले, आणि भूक लागली होती म्हणून पाकिटातलं एक बिस्कीट खाल्लं. लगेच काकूंनी हात पुढे करून जेवायला सुरुवात केली. कोच त्यांना त्याच दिवशी घरी घेऊन आले.

तेव्हापासून ते अडकले. साडेबाराला आणि सातला त्यांनी पानावर बसायचं, पहिला घास घ्यायचा, मग काकू जेवणार. दुसरं कोणी बसलेलं चालत नसे. मी बसून पाहिलं, त्यांच्याकडे देखभालीला येणाऱ्या केअरर ब्रेंडाने बसून पाहिलं, मुलाने सुद्धा बसून पाहिलं. काकू सगळ्यांना अगत्याने वाढत आणि स्वतः हात मांडीवर ठेवून वाट बघत. मधुमेहाच्या गोळ्या चालू आणि पोट रिकामं, म्हणजे साखर धोक्याइतकी खाली जाणार, हे मला तरी कोणी समजावून सांगायला नको होतं.

“दोन जेवणांच्या मधे बसेल तेवढंच आता माझं जग,” कोच म्हणायचे. त्या जगात यॉर्क बसायचं. मँचेस्टर रस्ता मोकळा असेल तरच बसायचं. एका मेमध्ये मी हट्टाने त्यांना समुद्र दाखवायला स्कारबराला नेलं. परतीच्या वाटेवर पुढे कुठेतरी अपघात झाला आणि गाड्यांची रांग लागली. ते बाजूच्या सीटवर बसून मधूनमधून दाराची मूठ हाताने चाचपत होते, जणू उतरून चालत गेले तर लवकर पोचतील. आम्ही घरी पोचलो तेव्हा काकू टेबलाशीच होत्या, अंगाला घाम सुटलेला, हात थरथरत होते. समोरचं ताट वाढलेलं होतं. कोच कोट न काढता बसले आणि गार भाताचा घास तोंडात घातला. त्यानंतर त्यांनी यॉर्कही सोडलं.

मग त्या गावाहून आमंत्रण आलं. जुन्या मैदानाच्या जागी भट्टीवाल्यांचा एक छोटा स्मारकस्तंभ बसवणार होते, विटांचाच, आणि तो उघडायला कोचनीच यावं अशी त्यांची इच्छा होती. कोच त्या दिवशी इतके आनंदात होते की काकूंना त्यांनी सगळी बातमी तीनतीनदा सांगितली. काकू छान हसल्या. मुलाने तिकीट काढलं. चार दिवस मी त्यांच्या घरी राहायचं ठरलं आणि जेवणाच्या वेळी कोचनी व्हिडिओवरून समोर बसून जेवायचं.

आधी तालीम घेऊ म्हणून ते लंडनला, हॅरोत राहणाऱ्या पुतण्याकडे गेले. साडेबाराला मी टॅबलेट त्यांच्या जागी, ताटाच्या मागे उभा केला. पडद्यावर कोच, पुढ्यात पोळीभाजी, अगदी दाखवून दाखवून घास घेत होते. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या, टॅबलेट हळूच आडवा केला, त्यावर भाताची मूद घातली, वरण घातलं, तूप सोडलं, आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसल्या. “सुमन, जेव गं,” भाताखालून आवाज येत होता. मला हसू आवरेना आणि रडूही. कोच मिळाली ती ट्रेन पकडून सातच्या आत घरी आले.

“भट्टीवाल्यांना घरचं ग्राउंड नव्हतं,” मुलाला तिकीट रद्द करायला सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आणि मला बाहेरचं नाही.” असं काहीतरी बोलून झालं की ते एरवी आपल्याच विनोदावर हसत. त्या दिवशी हसले नाहीत.

भाषण त्यांनी घरूनच, व्हिडिओवर केलं. तिकडे दुपारचे दोन म्हणजे इकडे लीड्सला संध्याकाळचे सात. वेळ पुढेमागे करा म्हणून त्यांनी विनवलं होतं, पण शाळेचा बँड यायचा होता, ते जमेना. कोच टाय लावून डायनिंग टेबलाशी बसले. शेजारी काकू, त्यांच्यापुढे ताट. भाषण फार सुंदर चाललं होतं. वाकड्या खांद्यावाल्याची नात पहिल्या रांगेत होती, तिच्याकडे बघून ते बोलत होते. तेवढ्यात काकूंनी त्यांची बाही ओढली, आणि पुन्हा ओढली. कोच थांबले. इंग्रजीत म्हणाले, माफ करा, माझ्या पत्नीची जेवायची वेळ झाली आहे. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. ओहायोतलं ते सगळं गाव टोप्या काढून उभं राहिलेलं, एका म्हाताऱ्याचं वरणभात खाणं बघत होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, सावकाश होऊ द्या. काकू जेवू लागल्या आणि भाषण पुढे सुरू झालं.

मला वाटलं, किती छान झालं. मी तसं म्हणालेही. कोचनी टाय काढून टेबलावर टाकला.

“शंभर वर्षांनी त्या पोरांचं नाव निघालं, मृणाल, आणि मी तोंडात भात घेऊन बोललो,” ते म्हणाले. काकू शेजारी ताक पीत होत्या. त्यांच्याकडे न बघता कोच पुढे म्हणाले, “खरं सांगू? कधीकधी मला वाटतं, हिने नाहीच जेवावं. एकदाच. आय मीन इट.”

ते उठले, काकूंचं तोंड पुसलं, आणि दुधाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. त्यांचं प्रेम होतंच, त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण माणूस प्रेमातही कोंडला जातो, आणि दार बाहेरून कोणी लावलेलं नसतं म्हणून तर ठोठावताही येत नाही. त्या संध्याकाळी मला त्यांची भीती वाटली आणि अतोनात दयाही आली.

कोच गेल्या हिवाळ्यात गेले. दुपारचं जेवण झालं, ताट सिंकमध्ये ठेवलं, ब्रेंडाला म्हणाले जरा पडतो, आणि वर जाऊन झोपले ते उठले नाहीत. ब्रेंडा चहाला हाक मारायला गेली तेव्हा तिला कळलं. मुलगा ब्रिस्टलहून निघाला. काकूंना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळीच त्यांना जवळच्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. काय झालंय ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग नाही असं सगळ्यांचं मत पडलं.

माझ्या डोक्यात मात्र एकच होतं, सात वाजणार. डॉक्टर, सर्टिफिकेट, फोन, या सगळ्यातून सुटून मी तिथे पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. कॉरिडॉरमध्येच नर्स भेटली. मी धापा टाकत तिला सांगायला लागले, त्या अशा जेवणार नाहीत, सलाइनची तयारी ठेवा. ती म्हणाली, “शी’ज हॅड हर टी, लव्ह. ऑल ऑफ इट.” इकडे टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. आता कस्टर्ड चाललंय म्हणे.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतकी वर्षं तो माणूस ताटाला बांधलेला, यॉर्कपर्यंत जायची चोरी, आणि आज तो नाही तर ह्या आपल्या खुशाल जेवताहेत. मग त्याला तेव्हा का नाही जाऊ दिलंत? मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. काकू शांतपणे चमच्याने कस्टर्ड खात होत्या.

“काकू,” मी म्हणाले, “आज काकांसाठी थांबला नाहीत?”

“ते जेवून गेले,” काकू म्हणाल्या.

“कुठे गेले?”

हे काय विचारणं झालं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“अमेरिकेला,” त्या म्हणाल्या, आणि वाटीत उरलेलं कस्टर्ड संपवलं.