अर्धी नळी

भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ ज्या फार्मवर बाबा राखणदार होते, तिथे मालकांनी ग्रेट डेन जातीचा एक कुत्रा आणून ठेवला आणि त्याला सांभाळायचं काम आमच्याच अंगावर पडलं. उभा राहिला की त्याची पाठ माझ्या कमरेला लागायची. गावातले त्याला घोडाच म्हणत. "घोड्याले नाल ठोकली का, बाई?" असं दूधवाला रोज विचारायचा.

सिमेंटवर झोपून त्याची कोपरं सोलायची, म्हणून मी पोत्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून गादी करायची. आठवडाभरात लाळेने ती कुजायची. कॉलेजात माझ्या ओढणीवर त्याच्या लाळेचा डाग असायचाच.

मालकीणबाईंनी इंग्रजीत एक कागद लिहून दिला होता. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे तो वाचणं माझंच काम. दोनदा थोडं थोडं खायला द्यायचं, खाल्ल्यावर तासभर पळू द्यायचं नाही. या जातीत पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो. तसं झालं तर तोंडातून काहीही न देता लगेच डॉक्टरकडे न्यायचं. पीळ म्हणजे नेमकं काय, ते मला बाबांना सांगता येईना. मी एवढंच म्हणाले, "याचं पोट फुगते म्हणे."

"ते मले समजते," बाबा म्हणाले. मला हायसं वाटलं. पुढचं त्यांना वाचून दाखवायचं राहूनच गेलं.

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा रोवणाऱ्या बायांच्या जेवणातला उरलेला भात त्याने घमेलंभर खाल्ला होता आणि वर बकऱ्यांमागे धावला होता. आता तो एका जागी ठरत नव्हता. ओकायला वाकायचा, पण नुसता फेस यायचा. पोटावर बोट वाजवलं तर डफासारखा आवाज आला.

बाबांनी घरातून बांबूची नळी आणली. तिच्यात जवसाचं तेल होतं. बैलाचं पोट फुगलं की ते हेच पाजत, मग बैलाला फिरवत. किती बैल त्यांनी असे उठवले होते.

"तोंड धर त्याचं."

मी धरलं. कागदात काय आहे ते मला माहीत होतं, तरी धरलं. बाबांना कधी नाही म्हटलं नव्हतं. तेल आत जाऊ लागलं, कुत्रा खोकला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, नोको पाजू," मी म्हणाले. "याच्या पोटाले पीळ पडला असंल. कागदात लिहिलं हाय."

"मंग आतापर्यंत काहून नाही बोलली?"

मी त्याचं तोंड सोडलं. बाबांनी नळी खाली ठेवली आणि रस्त्याकडे धावले. भाजी उतरवून परतणारा एक छोटा हत्ती टेम्पो त्यांनी हात करून थांबवला. चौघांनी मिळून कुत्र्याला ताडपत्रीवर उचललं. "छोट्या हत्तीत घोडा!" ड्रायव्हर हसला, पण कोणीच हसलं नाही हे पाहून त्याने गाडी पळवली. भंडारा येईपर्यंत बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी श्वास मोजत होते. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं.

डॉक्टरांनी पोटात जाड सुई घातली. फुस्स करून हवा निघाली. मग त्यांनी विचारलं, "तोंडातून काही पाजलं?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. त्यांना खाली पाहायला लावायचं नव्हतं, आणि खोटंही बोलता येत नव्हतं.

"पाजलं," बाबाच म्हणाले. "अर्धी नळी. जवसाचं तेल. मी पाजलं."

"तोंड मी धरलं होतं," मी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि आम्हाला तसंच ऑपरेशनसाठी नागपूरला पाठवलं.

पोटावर लांब टाके घेऊन तो परत आला. तेव्हापासून तो जेवला की बाबा घड्याळ काढून त्याच्याजवळ बसतात आणि तासभर पट्टा सोडत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"पुरा वाच," म्हणाले. "न समजलं तरी वाच."