भंडारा या शब्दामागची क्लिप

धड्याच्या पहिल्या क्लिपांमधून माझ्या थोरल्या बहिणीचं तोंड मी जाणूनबुजून वगळलं होतं. फाईल जड होत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं, बायकोलासुद्धा. ते खोटं होतं. हे मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

बहीण जन्मापासून बहिरी. लहानपणी सोलापूरला वसतिगृहात राहून खुणांची भाषा शिकली. आता अणदूरला आईजवळ असते, ब्लाउज शिवते. तिच्या हातच्या शिलाईसाठी आजूबाजूच्या गावांतल्या बायका थांबून राहतात. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा तिला मामाकडं मुरूमला पाठवलं होतं. "पाव्हणे येऊन जाऊ दे, मग आणू," आई म्हणाली, आणि मी गप्प बसलो. पुढं गप्प बसायची सवयच लागली. धाराशिवला आमच्या शाळेत कुणी विचारलं, बहीण काय करते, तर 'असते गावी' एवढं बोलून मी विषय बदलायचो.

मी संगणक शिकवतो. शहरातल्याच एका मूकबधिर शाळेतल्या बाईंना मुलांसाठी धडा करून हवा होता. पडद्यावर मजकूर असावा, मुलांनी एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की शेजारी त्याच्या खुणेची क्लिप सुरू व्हावी. असल्या कामाचं सॉफ्टवेअर मला येत होतं. मजकूरही मीच लिहिला: खंडोबा अणदूरहून नळदुर्गला कसा जातो, तिथं राहून परत कसा येतो. प्रश्न उरला तो खुणा कोण करणार याचा.

"तुमच्या ओळखीत कुणी हाय का, सर?" बाईंनी विचारलं.

"आहेत एक बाई गावाकडं," मी म्हणालो. बहीण हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

अणदूरला अंगणात पत्र्याच्या डब्याला मोबाईल टेकवला आणि गळ्यापासून खालचंच येईल असा लावला. तिला समोरून ते दिसत नव्हतं. अडचण एकाच शब्दाला आली. 'भंडारा', म्हणजे खंडोबाची हळद; त्याची तिची खूण म्हणजे तीन बोटं कपाळावरून आडवी ओढायची. हात वर गेला की चित्राबाहेर. मी तिला खुणेनं सांगितलं, इथं कर, छातीपाशी. तिनं छातीपुढं, हवेतच, भंडारा लावला.

जोडणीचं काम मात्र मी मन लावून केलं. प्रत्येक क्लिप अशी कापली की हात मांडीवरून उठावा आणि मांडीवरच परत यावा. क्लिप चालू असेपर्यंत मजकुरातला तो शब्द पिवळा राहायचा. त्या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

धडा वर्गात लावला. मुलांनी शब्दांवर बोटं ठेवली, क्लिपा सुरू झाल्या, आणि मुलं पडद्याच्या वरच्या कडेकडं बघायला लागली, जिथं गळा संपत होता तिथं. हातांकडं कुणीच बघेना. एक मुलगी उठली, पडद्याच्या वर मोकळ्या जागेत तिनं तळहात धरला आणि बाईंकडं वळून भुवया उडवल्या.

"ती विचारतीय, ह्यांचं तोंड कुठंय," बाई म्हणाल्या. "सर, आमची पोरं हाताकडं बघत न्हाईत. तोंडाकडं बघतात, हात त्यांना आपोआप दिसतो. तोंडच न्हाई म्हटल्यावर कुणी बोलतंय असं त्यांना वाटंल कसं?"

"फाईल जड होत होती."

"असू द्या की जड. आमाला कुठं डोक्यावर वाहायचीय?"

मी हसलो. बाईंना ठाऊक नव्हतं, की मी बोलायला लागल्यापासून बहिणीशी हातांनीच बोलत आलो आहे. तेव्हा मी कुठं बघतो? तिच्या तोंडाकडंच की.

रविवारी परत अणदूरला गेलो.

"परत?" आई म्हणाली. "मागल्या खेपंला दिसभर काय केलंस मग?"

"बिघडलं सगळं."

"आन् म्हणं कम्प्युटरचा मास्तर."

बहीण आत गेली ती लवकर बाहेर येईना. आली ती जांभळी साडी नेसून, डोळ्यांत काजळ घालून. "लगीन हाय का काय आज?" आईनं विचारलं. बहिणीनं ते ओठांवरून ओळखलं आणि हातांनी उत्तर दिलं: नवरा नको, फोटो चांगला आला पायजे.

मी मोबाईल मागं सरकवला. ती अख्खी मावली. भंडारा या वेळी कपाळावर लागला, डोळे मिटून. मजकुरात 'गाव जमतं' हे शब्द दोनदा होते, देव जाताना आणि देव येताना. एकच क्लिप दोन्हीकडं जोडायची असं मी ठरवलं होतं. तिनं ती खूण एकदा डोळे भरून केली आणि एकदा गालभर हसत. मी दोन क्लिपा कापल्या आणि दोन जागी दोन जोडल्या. माझ्या लिहिण्यात नव्हतं ते तिच्यामुळं धड्यात आलं.

नवा धडा दाखवायच्या दिवशी तिलाही धाराशिवला नेलं. आमच्या शाळेतले दोघे शिक्षक बघायला आले होते. "ह्या कोण, सर?" एकानं विचारलं.

"माझी थोरली बहीण," मी म्हणालो.

धडा संपायच्या आतच मुलांनी तिला गराडा घातला. तळहात धरणाऱ्या त्या मुलीनं तिच्याकडं बोट केलं आणि तीन बोटं स्वतःच्या कपाळावरून ओढली. बाकीच्या मुलांनीही तसंच केलं. त्या शाळेत आता बहिणीचं खुणेतलं नाव तेच आहे. वर्गभर कपाळं भंडाऱ्यानं पिवळी झाल्यासारखी मला वाटली, आणि मी तिचा भाऊ म्हणून तिथं ताठ उभा होतो.

"इतकं बोलकं तोंड, सर," बाई हळूच म्हणाल्या, "तुमी कापलं कसं?"

मी परत फाईलचं कारण सांगितलं. बहीण लांबून आमच्याकडं बघत होती. काय म्हणाल्या, तिनं हातानं विचारलं. तुझं कौतुक केलं, मी सांगितलं.

पहिल्या खेपेच्या क्लिपा बिघडल्या होत्या असंच ती समजते. त्यांत तिचं तोंड का नव्हतं, आणि माझ्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी ती मुरूमला का होती, हे तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडं बघत, माझ्या हातांनी सांगणं मी तिला अजून देणं लागतो.