आधी कुठला पाय

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, तेव्हा एक मास्तर रोज आमच्या ठाण्याच्या मिठागरावर यायचा. नाव कधी विचारलं नाही. अडथळ्यांची शर्यत शिकवायचं शिक्षण घेत होता, परीक्षा तोंडावर आलेली. माझी बायको मिठाची टोपली डोक्यावर घेऊन चर ओलांडायची, तेच तो मांडीवर बोटं वाजवत बघत बसायचा.

मी चिडलो. "मास्तर, बाईमाणसाकडं काय बघता?"

"अरे, पाय बघतोय. टोपली जरासुद्धा हलत नाही. आधी कुठला पाय टाकते, सांग?"

मी बायकोच्या पायांकडं बघायला लागलो.

बायको हसली. "यांना काय विचारता? यांनी कधी बघितलंय!"

"डावा," मास्तर म्हणाला. "रोज डावा."

बायको वारल्यापासून घरात बसवत नाही. उठतो, चरापाशी जातो, डावा पाय आधी टाकून ओलांडतो. परत येतो. पुन्हा जातो.