पूर्वेकडचा रस्ता

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आरोपीच्या आधी एका जपानी दलालाचा चेहरा समोर येतो.

मी तेव्हा पुण्यात आर्थिक गुन्हे शाखेत होतो. निवृत्ती जवळ आली होती. रजा काढून मुलीकडे टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात गेलो होतो. मुलगी-जावई तिथे फ्लॅट घ्यायच्या विचारात होते, म्हणून मलाही दलालाच्या कार्यालयात नेलं. त्यानं उभं राहून आपलं परवानापत्र दाखवलं, वाकून नमस्कार केला आणि कागद वाचायला लागला. नदीला मोठा पूर आला तर पाणी कुठवर चढेल, हे त्यानं नकाशावर बोट ठेवून सांगितलं. बाजूला उंच इमारत होणार आहे, तुमचं ऊन जाईल, हेही सांगितलं. मुलगी मला सगळं मराठीत सांगत होती.

मी मुलीच्या कानात म्हणालो, "अगं, हा फ्लॅट विकायला बसलाय की सौदा मोडायला?"

"बाबा, इथे कायदाच आहे. सहीच्या आधी सगळं वाचून दाखवावं लागतं."

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडिलांनी आयुष्यात एकच जमीन घेतली, तीही समोरच्याच्या शब्दावर. विकणारा स्वतःच्या तोंडानं मालाची खोट सांगतो, हे मी पोलिसात इतकी वर्षं काढूनही पाहिलं नव्हतं. मी थक्क होऊन ऐकत राहिलो.

संध्याकाळी शेजारचं मराठी जोडपं चहाला आलं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मी कौतुकानं सगळं सांगत होतो, पण नवऱ्याचा चेहरा उतरला.

"काका, आम्हालाही पुण्याच्या माणसानं असंच सगळं सांगून घर विकलं. म्हणून तर फसलो."

तो माणूस काही वर्षं योकोहामात नोकरी करून पुण्याला परतला होता आणि शहराबाहेर रो-हाऊसची योजना विकत होता. गिऱ्हाईकं बहुतेक जपानातलीच. व्हिडिओ कॉलवर तो आधी दोष सांगायचा. इथे राहून यांना सवय लागलेली, की दोष सांगतो तो खरा माणूस. या मुलाच्या आईनं राहतं घर विकून पैसे घातले. मुलगा-सून परत येतील, नातू जवळ राहील, एवढीच त्यांची आस. पुढे कळलं, की ती जागा सांडपाणी केंद्रासाठी आरक्षित आहे. आई आता भाड्याच्या खोलीत होत्या.

सून म्हणाली, "रोज फोनवर विचारतात, घराचं कुठवर आलं? काय सांगू?"

"मी इथे रजेवरचा पाहुणा आहे," मी म्हणालो. "आईंना पुण्यात रीतसर फिर्याद द्यायला सांगा."

त्यांनी ती दिली. मी रुजू झालो तेव्हा तपास माझ्याकडेच आला. वरिष्ठांनी बजावलं, "बाब दिवाणी ठरेल हं. विकताना त्याला आरक्षण माहीत होतं, हे दाखवा. नाहीतर कोर्टात टिकणार नाही."

मी जागेवर जाऊन पंचनामा केला, मग त्याला नोटीस देऊन बोलावलं. तो दारातच जपानी पद्धतीनं वाकला. आमचा हवालदार पुटपुटला, "साहेब, याला पाठीचा त्रास आहे का?"

"साहेब, विकास आराखडा मी तेव्हा पाहिलाच नव्हता," तो म्हणाला. "लपवणारा असतो तर एकेक दोष कशाला सांगितला असता?"

खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, त्याला ज्याचा अभिमान आहे तेच बोलू द्यावं, असा माझा अनुभव. मी चहा मागवला. "बरं, काय काय सांगितलंत?"

तो खुलला. "पश्चिमेच्या खोल्या तापतात. उन्हाळ्यात टँकर लागतो. देवळाचा भोंगा ऐकू येतो. पूर्वेकडून रस्त्याचा आवाज येईल, तेही सांगितलं!"

"पूर्वेला? तिथे तर ज्वारी उभी आहे."

त्याचा कप तोंडापाशीच थांबला.

तो रस्ता फक्त आराखड्याच्या नकाशावर होता, आणि आरक्षणाची जागा त्या रस्त्याला लागूनच. एक दिसलं आणि दुसरं दिसलं नाही, असं होणं शक्य नव्हतं. पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात पुरावा होत नाही. पण आईंना ऐकवता यावं म्हणून मुलानं तो व्हिडिओ कॉल जपून ठेवला होता. त्यात रस्त्याचं हेच वाक्य होतं. अटकपूर्व जामीन फेटाळला गेला, तेव्हा आरोपीनं सगळी रक्कम कोर्टात भरली. आईंनी त्यातून तयार फ्लॅट घेतला. कोर्टात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "चार दोष सांगितलेन् त्यानं. पाचवा राहिला का, हे विचारायचं मला सुचलं नाही हो."

या खटल्यानं मला तेवढंच शिकवलं.

निवृत्तीनंतर पुन्हा जपानला गेलो. पुराच्या भीतीनं मुलीनं तो पहिला फ्लॅट सोडला होता. आता दुसरा बघितला होता, दलाल तोच. सगळं वाचून झालं. मुलगी सही करणार, तेवढ्यात मी तिला थांबवलं. "विचार त्यांना, सांगायचं काही राहिलंय का?"

मुलगी संकोचली, पण तिनं विचारलं. दलालानं पेन खाली ठेवलं आणि बराच विचार केला.

"म्हणतायत, कागदात नाही, पण समोर बालवाडी आहे. सकाळी मुलं फार मोठ्यानं गाणी म्हणतात. त्रास होईल, माफ करा."

आणि तो वाकला. या खेपेला माझीही मान आपोआप खाली झुकली.